बाकाच्या त्या टोकाला

१

नोकरी गेल्यापासून भांडी घासायचं काम सुरेशनं आपणहून अंगावर घेतलं होतं. म्हणून तर त्याच्या लक्षात आलं. अनुपमा दुपारच्या डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि भात न्यायची, आणि त्यातला निम्मा भात संध्याकाळी परत आणायची. सहा वर्षांच्या संसारात हे कधी चुकलं नव्हतं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यानं डबा उघडला, तर आत शीतही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून ती चार पोळ्या नेऊ लागली, आणि महिन्याच्या मध्यावर, एका सकाळी, ओट्यावर भाकरी थापल्याचा आवाज आला.

सुरेश अंथरुणातच उठून बसला. त्यांच्या घरात भाकरी होत नसे. लहानपणी एकदा घशात तुकडा अडकून तो गुदमरला होता, तेव्हापासून भाकरी म्हटलं की त्याचा घसा आवळायचा. अनुपमाला ते पक्कं ठाऊक होतं.

"चार भाकऱ्या?" तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. "एकटीला?"

ती वळली. तिच्या गालाला पीठ लागलं होतं. तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की जणू दोघांनाच माहीत असलेली एखादी गंमत आहे आणि तो वेड पांघरतोय.

"हो ना, एकटीला!" ती हसली. "आवर, मला सोडायला उशीर होईल."

ती कित्येक महिन्यांनी हसली होती. सुरेशला बरं वाटायला हवं होतं. पण गाडीची किल्ली शोधताना त्याच्या मनात एकच विचार आला. हे हसू माझ्यासाठी नाही.

२

आखातातला, २००९ सालचा तो उन्हाळा. सुरेश क्वांटिटी सर्व्हेअर होता. इमारत उभी राहायच्या आधी तिच्यात किती विटा, किती लोखंड, किती काच लागेल हे मोजणं त्याचं काम. आदल्या नोव्हेंबरात इमारती उभ्या राहायच्याच थांबल्या. मरीनातल्या त्यांच्या खिडकीसमोर अठ्ठाविसाव्या मजल्यावर एक क्रेन थांबली, ती थांबलीच. फेब्रुवारीत एचआरनं सुरेशला बोलावलं आणि वीस मिनिटांत खलास. व्हिसा लगेच रद्द केला नाही, एवढंच नशीब.

अनुपमाची नोकरी मात्र टिकली, आणि तीही विचित्र कारणानं. ती संग्रहालयातल्या वस्तूंची निगा राखणारी. तिच्या कंपनीनं एका मोठ्या थीम प्रोजेक्टसाठी स्पेनच्या डोंगरातल्या एका लहानशा गावाचं अख्खं संग्रहालय तीन वर्षांच्या करारानं आणवलं होतं. संग्रहालय म्हणजे काय, तर गावच्या मास्तरांनी घरोघर फिरून जमवलेल्या वस्तू. तरुण माणसं शहरात गेली, घरं ओस पडली, तेव्हा त्यांनी गाईंच्या गळ्यातल्या घंटा, कणकेची परात, चेस्टनट भाजायचं भोकाभोकांचं पिंप, चिखलात घालायचे तीन खुंट्यांचे लाकडी जोडे, असं सगळं आणून जुन्या भटारखान्याच्या माडीवर मांडलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ती कोणाच्या घरची ते. प्रोजेक्ट बुडाला. तीस माणसांचा स्टाफ गेला. पण वस्तू परत पाठवण्याआधी प्रत्येकीची तपासणी करून रिपोर्ट द्यायला हवा होता, आणि तेवढ्यासाठी अनुपमा उरली. रास अल खोरच्या एका गोडाउनमध्ये, बाराशे वस्तूंसोबत, एकटी.

सुरुवातीला गाडीत ती भरभरून सांगायची. त्या गावात म्हणे गुरं घराच्या तळाशी बांधत आणि वर त्यांच्या अंगाच्या उबेनं जमीन कोमट राहायची. बर्फ पडला की चार-चार दिवस कोणी बाहेर पडत नसे. सगळं घर चुलीसमोरच्या एका लांब, उंच पाठीच्या बाकावर बसून काढायचं. बाकाच्या पाठीला बिजागरीची फळी असते, ती खाली पाडली की जेवायचं टेबल.

"तिकडं त्या फळीला काय म्हणतात माहितीये?" ती म्हणाली होती. "आळशी! उठायला नको म्हणून."

सुरेशला ते लागलं. घरी बसलेल्या नवऱ्याला हे मुद्दाम सांगायची काय गरज, असं त्याला वाटलं. पुढं आठवडाभर त्यानं तिच्या कुठल्याच गोष्टीला हुंकार दिला नाही. मग तिनंही सांगणं थांबवलं.

तसं त्यांच्यात न बोललं गेलेलं बरंच होतं. आदल्या सप्टेंबरात अनुपमाला चौथा महिना असताना मूल गेलं. त्यावर ती बोलू लागली की सुरेश उठून टीव्ही लावायचा, नाहीतर खाली चक्कर मारून यायचा. तिला दुःख नको व्हायला, म्हणून आपण विषय टाळतो, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

३

डब्यानंतर बाकीच्या गोष्टी दिसायला वेळ लागला नाही. एकदा मनात आलं की माणूस शोधतच राहतो.

तिच्या ओढणीला लाकडाच्या धुराचा वास येऊ लागला. सुरेशनं तर्क लढवला. जुन्या चुलीचे दगड, त्यांत वर्षानुवर्षांची काजळी, ती हाताळते, वास येणारच. पण काजळीचा वास शिळा असतो. हा ताजा होता, आत्ताच कोणी फुंकर मारल्यासारखा. मग त्यानं दुसरा तर्क लढवला. तिथं कोणी सिगारेट ओढणारा येतो. हा तर्क त्याला जास्त पटला.

ती केस वेगळे बांधू लागली. गाडीत बसल्यावर गुणगुणू लागली. एका संध्याकाळी सिग्नलला गाडी थांबली असताना ती हळूच म्हणाली, "आज दुपारी किती छान वाटलं, नाही?"

नाही? त्याला कसं ठाऊक असणार? त्याची दुपार घरी लॅपटॉपसमोर, नोकरीचे अर्ज पाठवण्यात गेली होती.

"सिग्नल सुटला," तो म्हणाला, आणि त्यानं रेडिओ मोठा केला.

तिचा चेहरा उतरला. मग तिनं स्वतःशीच मान डोलावली, जणू तिला काहीतरी कळलं आणि तिनं त्याला ते माफही केलं. त्या माफ करण्यानं तो जास्तच चिडला.

४

शुक्रवारी सकाळी ती पुण्याला आईशी फोनवर बोलायची. सुरेश बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. काचेचं दार बोटभर उघडं होतं.

"अगं, नाही गं, आता खरंच बरी आहे," अनुपमा म्हणत होती. "हे येतात ना दुपारी. हल्ली रोज येतात. शांत बसतात, जेवतात. हो, भाकरी! आवडीनं खातात."

सुरेशच्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला.

हे. अनुपमानं त्याला आयुष्यात कधी 'हे' म्हटलं नव्हतं. कॉलेजात भेटल्या दिवसापासून तो 'सुरेश' आणि 'अरे' होता. लग्नात नाव घ्यायचा आग्रह झाला, तेव्हा तिनं "अरे सुरेश, घास घे" म्हणून सगळा मांडव हसवला होता. आणि आता पलीकडं तिची आई, जी स्वतःच्या नवऱ्याला जन्मभर 'हे'च म्हणत आली, ती हे ऐकून खुशाल हुंकार देत असणार. तिला वाटणार, जावयाबद्दलच चाललंय. यापेक्षा सुरक्षित जागा कुठली? आईच्या कानात सांगायचं आणि आईलाही कळू द्यायचं नाही.

फोन संपल्यावर तो आत आला. "कोण येतं रोज दुपारी?" हे विचारायला त्याचं तोंड उघडलंही. पण विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर? मग राहायला जागा नाही, नोकरी नाही, आणि बायकोही नाही. आधी डोळ्यांनी बघू, मग बोलू.

५

सोमवारी तिला सोडून तो घरी परतलाच नाही. गोडाउनच्या समोर टायरच्या दुकानाची शेड होती, तिच्या सावलीत गाडी लावून बसला. बाहेर सेहेचाळीस डिग्री. जाळीचं फाटक, त्याशेजारी पठाण वॉचमन हमदुल्लाची केबिन, मागं गोडाउनचं एकमेव दार. सुरेशला मोजायची सवय होती, त्यानं मोजलं. आठ ते पाच, त्या दारातून अनुपमा आत गेली आणि अनुपमा बाहेर आली. तिसरं कोणी नाही. डबा रिकामा.

मंगळवारी त्याला अबू धाबीला इंटरव्ह्यू होता. नोकरी मिळाली नाही तर उगाच हसं नको, म्हणून त्यानं तो तिच्यापासून लपवला होता. तिला सोडून तो परस्पर गेला आणि पाचच्या आत परतला. बुधवारी पुन्हा टायरच्या शेडमध्ये. पुन्हा कोणी नाही. पुन्हा डबा रिकामा.

गुरुवारी अकराच्या सुमाराला तो पाण्याची गार बाटली घेऊन हमदुल्लाच्या केबिनशी गेला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं शक्य तितक्या सहज विचारलं, "खानसाब, अंदर कौन-कौन आता है? मॅडम अकेली होती है, इसलिए पूछा."

हमदुल्लानं बाटली कपाळाला लावली. "अंदर कोई नहीं आता, साब. मॅडम, और आप. बस."

"नहीं, मैं तो बाहर..." सुरेश थांबला. सोडायला आणि न्यायला येतो, त्यालाच हा 'आप' म्हणत असेल. "और कोई? कंपनी का? कोई स्पॅनिश?"

"वल्ला, खुदा की कसम, कोई नहीं." मग तो थोडा ओशाळून म्हणाला, "साब, एक बात बोलूँ? नाराज है क्या मुझसे? पहले मैं सलाम करता, आप जवाब देता था. अभी दोपहर में जाता है तो देखता भी नहीं."

सुरेशला वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलंय. त्यानं घड्याळ पाहिलं. बारा व्हायला अजून वेळ होता. तो परत जाऊन गाडीत बसला. एसी लावला, तरी त्याच्या मानेवरून घामाची धार उतरत राहिली.

६

साडेबाराला तो उठला. हमदुल्ला नमाजाला मागं गेला होता. सुरेशनं दार ढकललं.

आतला गारवा अंगावर आला. लाकडासाठी तापमान ठरावीक ठेवावं लागे. उंच पत्र्याखाली रॅकच्या रांगा, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या वस्तू, प्रत्येकीला लोंबणारी चिठ्ठी. कुठेतरी मशीनची घरघर. आणि त्या घरघरीखालून अनुपमाचा आवाज.

ती बोलत होती. संथ, एकसारखं, मध्ये थांबत. समोरचं माणूस ऐकत असलं की आपण थांबतो, तसं. शब्द कळत नव्हते. मध्येच एकदा ती रडली, आणि रडता रडता थोडी हसली. आपल्यासमोर ती असं कधी रडली होती? आपण रडू तरी दिलं होतं का?

गोडाउनच्या टोकाला त्या गावातल्या घराचं स्वयंपाकघर होतं. फोटोशी ताडून बघण्यासाठी तिनं ते जसंच्या तसं मांडलं होतं. प्लायच्या तीन भिंती, त्यांवर चुना, एका भिंतीत हातभर खिडकी. सुरेश चवड्यांवर चालत खिडकीशी गेला.

आत चूल होती, धुरकट दगडांची. तिच्यात विस्तव नव्हता. बाक खिडकीकडं पाठ करून होता आणि त्याची पाठ इतकी उंच, की बसलेलं माणूस दिसू नये. एका टोकाला अनुपमाच्या ओढणीचं टोक लोंबत होतं. पाठीतली आळशी म्हणतात ती फळी खाली पाडलेली, आणि तिच्या रिकाम्या चौकटीतून तिच्यावरचा डबा दिसत होता. आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, फळीवर टेकलेलं एक कोपर.

पुरुषाचं. तपकिरी रेघांच्या शर्टाची बाही, दोन घड्या घालून वर सारलेली. हात भाकरीचा तुकडा मोडत होता. सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखा.

सुरेशनं स्वतःच्या बाहीकडं पाहिलं. तपकिरी रेघा. दोन घड्या. हा शर्ट अनुपमानंच सेलमध्ये घेतला होता. आणि त्या क्षणीही त्याच्या डोक्यानं हिशेबी उत्तर काढलं, एकावर एक फ्री होता, दुसरा तिनं याला दिला!

तो धावत भिंतीला वळसा घालून आत शिरला.

बाकावर अनुपमा एकटी होती. पाण्याचा ग्लास भरून ती नुकतीच वळत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं. दचकली नाही, घाबरली नाही.

"हात धुऊन इतक्यात आलात पण?" ती म्हणाली. "बसा, अजून अर्धी उरलीये."

"कुठंय तो?" सुरेश ओरडला. "बाकाखाली? कुठं लपवलंस?"

"कोण?"

"मी पाहिलाय त्याला! रोज येतो, जेवतो, तुझ्याशी गुजगोष्टी करतो. 'हे' म्हणतेस तू त्याला!"

अनुपमानं ग्लास फळीवर ठेवला. "सुरेश, काय बोलतोयस? तूच तर येतोस."

"मी? मी बाहेर गाडीत मरत असतो!"

"तू येतोस," ती हट्टानं म्हणाली, पण आवाज पातळ झाला होता. "जून लागल्यापासून. पहिल्या दिवशी नुसता येऊन त्या टोकाला बसलास. बोलला नाहीस. मला वाटलं, नोकरी गेल्याची लाज वाटते, बोलवत नाही, बसू दे. मी पोळी पुढं केली, तू खाल्लीस. मग एक दिवस मी माझ्यापुरती विकतची भाकरी आणली, तर तीही खाल्लीस. मला इतकं बरं वाटलं... घरी गेल्यावर तू पुन्हा तसाच तुसडा. एकदा गाडीत विषय काढला, तर रेडिओ लावलास. म्हटलं, जे इथं आहे ते इथंच राहू दे म्हणतोय. आणि त्या बाकावर तू असा बसायचास ना, बाबा बसायचे तसा, की मला तुला 'अरे' म्हणवेना."

"मंगळवारी?" सुरेशनं विचारलं. "या मंगळवारी आलो होतो मी?"

"हो. बराच वेळ बसलास."

"मंगळवारी मी अबू धाबीला होतो. अल रीम बेटावर, इंटरव्ह्यूला. माझ्याकडं गेट पासची पावती आहे." त्यानं पाकिटातून ती काढून फळीवर ठेवली. तारीख होती, वेळ होती. बारा वाजून दहा मिनिटं.

अनुपमानं ती वाचली. मग तिनं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं, आणि सरकत सरकत ती आपल्या टोकाच्या अगदी कडेला गेली.

सुरेशनं तिला उठवून बाहेर न्यायला हवं होतं. विचारायचंच तर तो कोण होता, हे विचारायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून वेगळंच निघालं.

"काय बोलायचीस त्याच्याशी?"

"बाळाबद्दल," ती म्हणाली. "सगळं. हॉस्पिटलातलं. नाव काय ठरवलं होतं ते."

नाव ठरवलं होतं, हे सुरेशला माहीत नव्हतं.

"आणि तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. ऐकायचे. एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवला." तिनं तिथं हात लावून पाहिला. "ऊबदार होता, सुरेश. तुझाच होता."

फळीवर भाकरीचा तुकडा पडला होता, दातांच्या खुणांसह. दोघांपैकी कोणीही त्याला हात लावला नाही.

७

तपासणीचं उरलेलं काम सुरेशनं तिच्या जोडीला बसून पंधरा दिवसांत संपवलं. स्वयंपाकघर सगळ्यांत आधी उतरवलं. बाकाची चिठ्ठी त्यानं स्वतः वाचली. बाकी सगळ्यांवर कोणा ना कोणाच्या घराचं नाव होतं, या एकीवर नव्हतं. तिकडं मास्तरांना ईमेल करून विचारावं, असं अनुपमाला वाटलं होतं. सुरेशनं करू दिलं नाही. पेटी ठोकली, कंटेनर जेबेल अलीच्या बंदरात गेला, आणि महिन्याभरानं तिकडून सगळं सुखरूप पोचल्याची पोचही आली.

अबू धाबीची नोकरी त्याला मिळाली. तिथंच एका नव्या टॉवरमध्ये दोन खोल्यांचं घर मिळालं. अनुपमानं काम सोडलं. दोघं चांगले वागू लागले. सुरेशनं बाळाचं नाव विचारलं आणि तिनं सांगितलं. पण सांगितलं ते एका वाक्यात, पाठ केलेला पत्ता सांगावा तसं. ते एकदा मनापासून सांगून झालेलं होतं.

एक गोष्ट मात्र तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतली होती. घरात शिरताना त्यानं बोलायचं. काहीही. दार उघडल्या उघडल्या. तो बाकावरचा कधी बोलला नव्हता, म्हणून. सुरेश लॅचला किल्ली लावतानाच सुरू करायचा, "मी आलोय गं, सुरेश, काय ट्रॅफिक होता." मग आतून "आलास?" यायचं, आणि तो बूट काढायचा. दीड वर्ष हे रोज चाललं.

२०११च्या जानेवारीत साइटवरच्या धुळीनं त्याचा घसा बसला. सकाळपासून आवाज फुटत नव्हता. दुपारी तो लवकर घरी आला, तोंडातून नुसती हवा निघाली, आणि दार उघडून तो गप्पच आत उभा राहिला.

अनुपमा डायनिंग टेबलाशी भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं. त्याच्या बोलण्याची वाट पाहिली. तो बोलला नाही.

ती आता किंचाळेल, असं सुरेशला वाटलं. निदान तिचा रंग उडेल. त्यानं हात उचललाही, घशाकडं बोट दाखवायला.

पण तिच्या चेहऱ्यावर भीती आलीच नाही. कित्येक महिने कोणी दिवाच न लावलेल्या खोलीत दिवा लागावा, तसा तो चेहरा उजळत गेला. तिनं ओढणीला हात पुसले, घाईघाईनं समोरची खुर्ची मागं ओढली.

"आलात?" ती कुजबुजली. "किती दिवस लावलेत. बसा ना."

सुरेशचा हात घशापर्यंत आला होता. जोर लावला असता तर एखादा शब्द निघाला असता. स्वतःचं नाव तरी.

त्यानं हात खाली घेतला. बाहीला दोन घड्या घातल्या, आणि तो बसला.